तिसऱ्या चाकाचे विक्रेते

माहुल गावातल्या आमच्या घराच्या पडवीत गेली अनेक वर्षे एक साइडकार उभी आहे. 'उभी आहे' असे म्हणणेही तितकेसे बरोबर नाही. तिला एकच चाक असल्यामुळे ती स्वतःच्या बळावर उभी राहू शकत नाही, दुसऱ्या बाजूने विटांचा टेकू दिलेला आहे. ज्या बजाज चेतकला ती जोडलेली असे ती स्कूटर वडिलांच्या पश्चात भंगारात गेली. साइडकारलाही भंगारवाल्याने पत्र्याचा भाव केला होता, पण ऐन वेळी मीच माघार घेतली. यंदा पडवी दुरुस्त करायची ठरली तेव्हा तिचे काय करायचे हा प्रश्न पुन्हा समोर आला. एखादी जुनी स्कूटर घेऊन तिला ही जोडता येईल का, याची चौकशी करायला मी निघालो. त्या चौकशीत जे हाती लागले ते इथे मांडतो आहे.

माहुलचे नाव आज बहुतेकांना ठाऊक असते ते प्रदूषणाच्या आणि तिथे आणून वसवलेल्या प्रकल्पग्रस्तांच्या बातम्यांमुळे. मुळात हे खाडीकाठचे कोळ्यांचे गाव. १९५०च्या दशकाच्या मध्यावर शेजारी एस्सो आणि बर्मा शेल यांचे तेलशुद्धीकरण कारखाने आले. राष्ट्रीयीकरणानंतर त्यांचेच हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम झाले. वडील तिथल्या एका ठेकेदाराकडे फिटर होते. आईला लहानपणी पोलिओ झालेला, डावा पाय अधू. बसची पायरी तिला चढवत नसे, आणि स्कूटरच्या मागच्या सीटवर एका बाजूला पाय सोडून बसणे तिच्या जिवावर येई. चेतकसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षे थांबत, त्या काळात वडिलांनी ती मिळवली, आणि पहिले वर्षभर तिच्यावरून आम्ही दोघेच फिरलो. आई दारात उभी राहून आम्हांला निरोप देई.

१९८७ साली वडिलांनी साइडकार बसवून घेतली. तिचा आकार पाहून गावातल्या मुलांनी तिला 'होडी' म्हणायला सुरुवात केली आणि आमच्याही घरात तेच नाव रूढ झाले. रविवारी संध्याकाळी होडी निघे. चेंबूर, शीव, माहीम करीत जुहूपर्यंत. कधी राणीच्या बागेला. आई होडीत, धाकटा भाऊ तिच्या मांडीवर, मी वडिलांच्या मागे. डावीकडचा दिवा साइडकारच्या आड जाई, म्हणून डावे वळण आले की आई हात बाहेर काढून मागच्यांना इशारा देई. ते काम तिने स्वतःहून पत्करले होते, आणि त्यात ती कधीही चुकली नाही. जिला आजवर सगळीकडे कोणीतरी न्यावे लागे, तिच्या हाताच्या इशाऱ्यावर आता मागची वाहतूक थांबत होती. याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

साइडकार ही स्कूटरबरोबर कारखान्यातून येणारी वस्तू नव्हती. आमची एका लहान कारखान्यात तयार झालेली होती, स्कूटरच्या विक्रेत्याकडे ती मांडलेली असे आणि जोडून देत असे त्याचा ओळखीचा मिस्त्री. या तिघांतला दुवा म्हणजे विक्रेता. शोरूमच्या कोपऱ्यात ठेवलेली ती एकच साइडकार पाहून वडिलांना ती सुचली होती; मागणी आधी नव्हती, ती त्या कोपऱ्याने निर्माण केली. खरी विद्या मात्र मिस्त्रीची. साइडकारचे चाक स्कूटरच्या चाकांना अगदी समांतर ठेवून चालत नाही. ते किंचित आत वळवावे लागते, आणि स्कूटर किंचित बाहेर कलती ठेवावी लागते. तसे केले नाही तर गाडी सतत डावीकडे ओढते आणि चालवणाऱ्याचे खांदे भरून येतात. वेग वाढवताना ती डावीकडे जाते, ब्रेक दाबताना उजवीकडे. डाव्या वळणावर साइडकार हलकी असेल तर तिचे चाक जमिनीवरून उचलले जाते. हे कुठल्या पुस्तिकेत आम्हांला मिळाले नाही. कुर्ल्याच्या मिस्त्रींनी शेजारी बसून वडिलांना ते दोन रविवार शिकवले.

पुढे हे सगळे कसे विरत गेले, ते एका विक्रेत्याच्या दुकानातही पाहता येत होते. आधी कोपऱ्यातली साइडकार 'मागवून देऊ' या शब्दांत गेली. मग क्लॅम्प आणि रबरी बुश 'पुढच्या आठवड्यात' मिळू लागले. मग काउंटरवर नवा मुलगा आला, त्याला तो शब्दच ठाऊक नव्हता. कारणे उघड आहेत. १९८३ साली मारुती ८०० आली आणि पुढच्या दशकात कर्ज सुलभ झाल्यावर ती मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. ज्यांना मोटार परवडत नव्हती ते स्कूटरकडून कमी पेट्रोल पिणाऱ्या मोटारसायकलकडे वळले. भांडुपच्या ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाची लॅम्ब्रेटा तर त्याआधीच मागे पडली होती. २००१ साली ॲक्टिव्हा आली, २००५च्या सुमारास जुनी चेतक बंद झाली. २००९ साली नॅनो बाजारात आली ती स्कूटरवर दाटीवाटीने बसलेल्या कुटुंबासाठी म्हणून. २०१८ साली तिचेही उत्पादन थांबले. २०२० साली चेतक हे नाव परतले, पण विजेवर चालणाऱ्या स्कूटरवर. या सगळ्या हिशेबात साइडकारची वेगळी नोंद कोणी ठेवली नाही, कारण ती कोणाच्याच मालाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर नव्हती.

आई १९९९ साली गेली. त्यानंतरही वडील होडी काढत नसत म्हणून मी एकदा ती सोडवून ठेवू या असे सुचवले. त्यांनी उत्तर दिले नाही. पुढच्या रविवारी पाहतो तर त्यांनी होडीत वाळूची गोणी ठेवली होती. रिकामी साइडकार डाव्या वळणावर उचलली जाते, हे कारण खरेच होते आणि मिस्त्रींनीच ते सांगितले होते. पण गोणी त्यांनी आईच्या जागी, पाठीला टेकवून, सरळ बसवली होती. तशी ती गाडी त्यांनी आणखी सहा वर्षे चालवली.

यंदाच्या चौकशीत मी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरची जुन्या सुट्या भागांची दुकाने पालथी घातली, पुण्याच्या नाना पेठेतही जाऊन आलो. चेतकचे भाग अजून मिळतात. क्लॅम्प घडवून देणारा लोहारही मिळाला. कायद्याची तर अडचण असण्याऐवजी गंमतच आहे: १९८८च्या मोटार वाहन कायद्यातली मोटारसायकलची व्याख्या साइडकारला सामावून घेते, अतिरिक्त चाक असलेली, काढता येण्याजोगी साइडकार जोडली तरी गाडी दुचाकीच राहते. म्हणजे कायद्याच्या पुस्तकात होडीला अजून जागा आहे. शेवटी कुर्ल्याचे ते जुने मिस्त्रीच भेटले. डोळे अधू झालेले, गॅरेज मुलाकडे, आणि मुलगा मोटारींना सीट-कव्हरे बसवतो. मी सगळे सांगितल्यावर ते म्हणाले, "साहेब, जोडून देणारा कोणीही मिळेल. सरळ चालवून देणारा मिळणार नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, आणि त्याचे कारण माझा व्यवसाय असावा. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. 'सत्यकथा' १९८२ साली बंद पडले. त्याचे अंक ग्रंथालयांत आहेत, रद्दीतही सापडतात. पण अंक मिळणे आणि तो अंक वाचायचा कसा हे शेजारी बसून दाखवणारा कोणी मिळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या विद्यार्थिदशेत कवितेच्या एखाद्या अप्राप्य संग्रहाचे नाव मला जाहिरातीतून कळले नाही. एका शिक्षकांच्या टेबलाच्या कोपऱ्यात तो संग्रह पडलेला होता म्हणून कळले. वितरणव्यवस्था कोसळली असे आपण म्हणतो तेव्हा दुकाने मोजतो. तो कोपरा आणि ते दोन रविवार आपल्या मोजणीत येत नाहीत. वस्तू त्यानंतरही बराच काळ टिकून राहते आणि त्यामुळे काही गेले आहे हे लक्षातही येत नाही.

हे सांगताना मला स्मरणरंजनाचा आरोप टाळायचा आहे. साइडकार मागे पडली यात लोकांचे नुकसानच झाले असे मी म्हणणार नाही. मोटार अधिक सुरक्षित आहे, पावसात तर निश्चितच. आज आई असती तर मी तिला मोटारीतूनच नेले असते. फक्त मागच्यांना हात दाखवण्याचे काम तिला तिथे मिळाले नसते.

होडी पुन्हा रस्त्यावर येईल असे मला आता वाटत नाही. पण त्या दिवशी मिस्त्रींच्या समोर बसून मी ते बोलत गेले तसे सगळे वहीत उतरवून घेतले: चाक आत किती वळवायचे, कलते किती ठेवायचे, कोणता बोल्ट आधी आवळायचा. सांगताना त्यांचे हात हवेत पकड आवळत होते. मापे त्यांनी इंचांत सांगितली नाहीत, बोटांत सांगितली; मीही बोटांतच लिहिली. निघताना त्यांनी मला पुन्हा बसवले आणि एक गोष्ट राहिली म्हणाले. ती वहीतली शेवटची नोंद आहे: डावीकडे वळण्यापूर्वी आत कोणी बसले आहे ना, ते पाहून घ्यावे.