मूठभर दाणे



ज्येष्ठ वद्य एकादशीला ज्ञानोबा माऊलींची पालखी पुण्याहून सासवडला निघते. चाल लांबची, त्यात दिवेघाटाची चढण आणि त्यात उपवास. २०२२ साली दोन वर्षांच्या खंडानंतर पायी वारी पुन्हा सुरू झाली, तेव्हा या वाटेवर सेवेकऱ्यांचा उत्साह नुसता ओसंडून वाहत होता. हडपसर मागे पडेपर्यंत माझी पिशवी भरली. राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, केळी, खाऱ्या दाण्यांच्या पुड्या. दोन ठिकाणी साबुदाण्याची खिचडी झाली. तिसऱ्या ठिकाणीही मी द्रोण घेतला, पण तो अर्ध्यावरच नकोसा झाला, तेव्हा इकडेतिकडे पाहून हळूच रस्त्याच्या कडेला ठेवून दिला आणि पुढे चालू लागलो.

वडकी नाल्याच्या विसाव्याला दोन तरुण पोरे पोत्यातून भाजके शेंगदाणे आणि गूळ वाटत होती. माझ्यापुढे मराठवाड्याकडची एक म्हातारी माय होती. पोराने तिची ओंजळ शिगोशीग भरली. तिने त्यातले मूठभर पदराला बांधले आणि उरलेले पुन्हा पोत्यात ओतले. पोरगा म्हणाला, “घ्या की माऊली, भरपूर आहेत.” ती म्हणाली, “एवढं बास हाय रं बाबा. मागं लई माणसं हायती.”

आणि मला माझी आई आठवली.

आमचे घर कृष्णाकाठचे, पण जमीन नावालाही नाही. त्या काळी आमच्याकडे शिवारात भुईमूग पुष्कळ. काढणीला आई दुसऱ्याच्या रानात शेंगा तोडायला जायची. तोडलेल्या शेंगांतला वाटा हीच मजुरी. तो वाटा बाजारात जाई, तेलामिठाला लागे. एकादशीसाठी मात्र ती सरवा वेचायची. रान मोकळे झाले की मालकाला विचारून, मातीत राहिलेल्या शेंगा खुरप्याने एकेक उकरून काढायची. त्या वाळवून, फोडून, काळे पडलेले आणि बुरशी धरलेले दाणे निवडून टाकून उरलेले गाडग्यात भरून उतरंडीला ठेवायची. वर्षभर प्रत्येक एकादशीला त्यातले मूठभर दाणे, गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी. एवढाच तिचा फराळ. तेवढ्यावर ती दिवसभर खुरपायला जायची.

मी दहा वर्षांचा असेन. माघातल्या एकादशीच्या आदल्या दिवशी शाळेतून आलो, भूक लागली होती. उतरंड उतरवली आणि गाडग्यातले सगळे दाणे गोट्या खेळता खेळता संपवले. आईला ते सकाळी कळले असणार. ती काही बोलली नाही. आम्हा भावंडांना भाकरी थापून दिली आणि कामाला गेली. रात्री हरिपाठ झाल्यावर ती भिंतीला टेकून बसली, तेव्हा तिचे हात थरथरत होते. थोरल्या बहिणीने मला सांगितले, “आईनं सकाळपासनं काय खाल्लं न्हाई.” मी रडायला लागलो, तर आईने जवळ ओढून घेतले. म्हणाली, “दाणं न्हवतं म्हणून काय एकादशी हुकती व्हय? तुझं पोट भरलं न्हवं?”

माऊली, पुढे मी शिकलो, नोकरी केली, पुस्तके वाचली. तेव्हा कळले की हा शेंगदाणा मूळचा आपला नव्हेच. तो दक्षिण अमेरिकेचा. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, आणि युरोपची माणसे अमेरिकेला पोहोचली ती १४९२ नंतर. म्हणजे ज्ञानोबा-नामदेवांनी एकादशी केली, तेव्हा या देशात शेंगदाणा नव्हता. मिरचीही नव्हती आणि बटाटाही नव्हता. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोही तिकडचाच. आज तो येतो मुख्यतः तमिळनाडूतल्या सेलमकडून. भुईमूग तर हरभरा-तुरीच्याच कुळातला. तरी डाळ उपवासाला वर्ज्य आणि दाणा चालतो. काय चालते आणि काय चालत नाही, ही यादी माणसांनी आपल्या सोयीने वाढवत नेली. व्रत जुने आहे, फराळ नवा आहे.

आमच्या डोळ्यांदेखत तर दाण्याची सगळी रीतच पालटली. लहानपणी घाण्यावरचे शेंगतेल घराघरांत असे. आता बहुतेक घरी पामतेल, सोयाबीन नाहीतर सूर्यफूल. शिवारात ऊस वाढला, सोयाबीन आले आणि भुईमूग आक्रसला. दुकानातले दाणे आता बरेचसे गुजरातचे असतात. तेलातला दाणा कमी झाला, पण खाण्यातला वाढला. सोलापूरची शेंगाचटणी सगळीकडे मिळते, मुले पावाला दाण्याचे लोणी लावतात. दिंडीच्या पंगतीत पाहावे, कोकणातला माळकरी नारळ शोधतो, तर देशावरच्याला कूट घातल्याशिवाय भाजी भाजी वाटत नाही. आणि एकादशी आली की भगरीवर दाण्याची आमटी, खिचडीत कूट, काकडीत कूट, वर दाण्याचा लाडू. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण आपण हसत हसत सांगतो. मी मात्र त्या दिवशी ती जगत होतो.

दाणा वाईट नाही. मूठभर, म्हणजे तीसेक ग्रॅम दाण्यांत सातेक ग्रॅम प्रथिने मिळतात. चालणाऱ्याला तेवढे बळ पुरते. वाटणाऱ्यांचाही दोष नाही, ते तर पांडुरंगाचीच सेवा करतात. चूक घेणाऱ्या हाताची होती, माझी होती. आईने दुसऱ्याच्या रानातला एकेक दाणा मातीतून उकरून एकादशी केली आणि मी अर्धा द्रोण त्याच मातीत टाकून आलो.

भुईमुगाचे पिवळे फूल वर उमलते, पण पुढे त्याची आरी खाली वळून जमिनीत शिरते आणि शेंग भरते ती मातीच्या आत, कोणाला न दिसता. आईची एकादशी तशी होती. तिने उपवास केला हे कधी कोणाला सांगितले नाही आणि त्या माघातल्या दिवसाचा उल्लेखही पुन्हा केला नाही.

त्या दुपारी मी पिशवीतले सगळे त्या पोरांच्या पोत्याशेजारी ठेवले, मूठभर दाणे आणि गुळाचा खडा घेतला आणि घाट चढलो. भूक लागली. वर पोहोचलो तेव्हा हात थोडे थरथरत होते. आईला जाऊन तेव्हा बरीच वर्षे झाली होती, पण तिची एकादशी कशी असेल ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

आता आमच्या घरी एकादशीला खिचडी होत नाही. सूनबाई दाणे भाजून ठेवते. सकाळी नातू आपल्या इवल्या मुठीने स्वतःचे मोजून घेतो आणि मग माझे मोजायला येतो. त्याची मूठ लहान, त्यामुळे माझ्या वाट्याला कमीच येतात. मी तेवढेच घेतो.

रामकृष्ण हरी.