आईने निवडलेला किनारा

रे रोडच्या आमच्या घरी बेत ठरला होता घारापुरीचा. नातवंडांना लेणी दाखवायची होती. पण वाचकहो, तिथे सुमारे 120 पायऱ्या आहेत. वर न्यायला डोली मिळते. मात्र गेटवेला हलत्या लाँचमध्ये पाऊल स्वतःलाच टाकावे लागते. म्हणून ऐंशी वर्षांच्या आईला ‘तू घरीच थांब’ असे सांगून आम्ही मोकळे झालो. लिहितानाही ते सलते. ती एवढेच म्हणाली, “मग मांडव्याला जाऊ या की रे.”

भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीत मोटारीसकट चढता येते; प्रवास तासाभराचा. आपणही निघण्यापूर्वी चढउतार, सावली, शौचालय यांची चौकशी करावी, औषधे हाताशी ठेवावीत.

मांडव्याला आईने चपला काढून वाळूत पाय रोवले. चाळीस वर्षे धक्क्याशेजारी राहून ती प्रथमच पलीकडे आली होती.