आकडा मोठ्यानं म्हणायचा

पोल व्हॉल्टला मराठीत बांबू उडी म्हणतात, आणि आम्हा पेडण्याच्या मुलांना तो शब्द अगदी नेमका वाटतो. पावसाळ्यात शेतातला व्हाळ ओलांडायला आमच्या हातात बांबूच असायचा. पाण्यात मधोमध रोवायचा, अंग झोकून द्यायचं, पलीकडच्या बांधावर उतरायचं. नेदरलँड्सच्या फ्रिसलंडात कालव्यांवरून काठीनं अशाच उड्या मारतात आणि त्यांच्या स्पर्धा भरतात, हे मी फार पुढे वाचलं. आमच्या उडीला वर बार नव्हता आणि कडेला पंचही नव्हता. आता मी पणजीत राहतो, आणि कॉलेजच्या मैदानी स्पर्धा असल्या की पोल व्हॉल्टच्या पिटशी पांढरा आणि लाल असे दोन झेंडे घेऊन उभा असतो.

प्रेक्षकांना झेंडा दिसतो. माझं निम्मं काम त्याच्या आधीच संपलेलं असतं, ते कार्डावर आणि बार पेलणाऱ्या स्टँडपाशी. जिथे पोल टेकतो त्या बॉक्सच्या मागच्या फळीच्या आतल्या कडेला समांतर, एक सेंटिमीटर रुंदीची शून्याची रेघ असते. तिथपासून पिटच्या दिशेनं 80 सेंटिमीटरपर्यंत बार कुठे ठेवायचा, हे खेळाडूनं ठरवायचं. कुणाची उडी सरळ वर चढते आणि तिथेच संपते. कुणी वेगात आत शिरतो, त्याचं शरीर सर्वांत उंच जातं ते बरंच पुढे, गादीच्या वर. एकाला 50 लागतात, दुसऱ्याला 75, आणि वारा फिरला की त्याच मुलाला तिसराच आकडा हवा असतो. बांबोळीच्या पठारावर, जिथे 2023च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांतलं अ‍ॅथलेटिक्स झालं, दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटला की मुलं एकामागून एक आकडे बदलायला येतात.

स्पर्धा सुरू होण्याआधी प्रत्येकानं आपला आकडा सांगायचा, मी तो लिहायचा. बदल करायचा तर बार जागेवर लागण्याआधी सांगायचा. नंतर सांगितला तर स्टँड सरकवायचा वेळ त्याच्याच मिनिटातून जातो. मिनिटच म्हणतो, कारण तिघांहून जास्त खेळाडू उरलेले असताना प्रत्येकाला एकच मिनिट मिळतं. दोघे-तिघे उरले की दोन मिनिटं, एकटा उरला की पाच. ते मिनिट खेळाडूच्या मागणीप्रमाणे बार लागल्यावरच सुरू करायचं, आधी एक सेकंदही नाही. 2025 साली टोकियोत 6.30 मीटर पार करणाऱ्या डुप्लांटिसलाही हाच नियम, आणि आमच्याकडे 2.60 ला उभ्या राहिलेल्या मुलीलाही.

मदतीला येणाऱ्या कॉलेजच्या मुलांना सगळ्यांत कठीण जाते ती एक गोष्ट: पडणारा पोल न पकडणं. गावात वाढलेल्या मुलाचा हात पडत्या वस्तूकडे आपोआप जातो, त्यात त्याचा दोष नाही. पण पोल बारापासून आणि स्टँडपासून दूर पडत असेल तरच त्याला हात लावता येतो. बारावर येणारा पोल कुणी अडवला, आणि तो अडवला नसता तर बार पडला असता असं रेफरीला वाटलं, तर उडी बाद. एवढी धावून, एवढी वर चढून गेलेली उडी एका भल्या मुलाच्या चांगुलपणामुळे जाते. म्हणून सकाळी पिटवर आल्या आल्या मी त्यांना हात पाठीमागे बांधून उभं राहायला लावतो आणि दहा वेळा मुद्दाम पोल पाडून दाखवतो. पोल मोडला तर मात्र उडी बाद धरत नाहीत, खेळाडूला पुन्हा संधी मिळते.

बार साडेचार मीटर लांब, वजन सव्वादोन किलोच्या आत. मध्ये तो तीन सेंटिमीटरपर्यंत झुकलेला चालतो, म्हणून उंची मोजायची ती जमिनीपासून वरच्या कडेच्या सर्वांत खालच्या बिंदूपर्यंत. अमेरिकेचा डेव्ह व्होल्झ उडी मारता मारता थरथरता बार हातानं पुन्हा खुंट्यांवर बसवायचा. आता हातानं बार सावरला की सरळ लाल झेंडा. पण हात न लावता अंग नुसतं घासून गेलं, तर बार कधी कधी खूप वेळ हलत राहतो. त्या वेळी माझ्या हाताला घाई होऊ नये म्हणून दोन्ही झेंडे मी खाली, पायांना टेकवून धरतो. बार थांबेपर्यंत मुलगा गादीवर पडूनच वर बघत असतो. मीही तिथेच बघत असतो. या खेळात मला याहून जवळचा क्षण माहीत नाही.

एक चूक माझ्या नावावर आहे. काही वर्षांपूर्वी एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत डिचोलीकडची एक मुलगी 2.60 ला दोनदा बाद झाली. वर चढतानाच तिचे गुडघे बाराला लागत होते. तिसऱ्या उडीआधी ती धावत माझ्याकडे आली आणि म्हणाली, “सर, साठ नको, ऐंशी करा.” मी मान हलवली. तेवढ्यात कुणीतरी निकालाचा कागद मागायला आलं, आणि कार्डावर साठ तसेच राहिले. स्टँड हलला नाही. गुडघे पुन्हा लागले, बार पडला, मी लाल झेंडा वर केला. तिनं वाकून पोल उचलला आणि निघून गेली.

संध्याकाळी सामान आवरताना स्टँडवरचा मुलगा हळूच म्हणाला, “सर, तिनं ऐंशी म्हटलेलं ना?” निकाल जाहीर होऊन तास उलटला होता. आक्षेपाची मुदत निकालानंतर अर्धा तास. ती ऐंशीवर गेली असती का, हे कुणालाच सांगता येणार नाही, पण तिचा बार तिच्या जागी नव्हता. दुसऱ्या दिवशी मी तिच्या शिक्षकांना फोन करून सगळं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मी तिला सांगतो.”

तेव्हापासून माझ्या पिटवर आकडा तीनदा उच्चारला जातो. खेळाडू सांगतो, मी मोठ्यानं म्हणून लिहितो, स्टँडवरचा मुलगा टेपवर बघून पुन्हा म्हणतो. नियमांच्या पुस्तकात असं काही लिहिलेलं नाही.

पुढच्या वर्षी ती आली. चेस्ट नंबर सांगायच्या आधीच म्हणाली, “सर, ऐंशी.”

“ऐंशी,” मी म्हणालो आणि लिहिलं.

“ऐंशी,” स्टँडवरून आवाज आला.

तिनं एकदा स्वतः टेपकडे जाऊन पाहिलं, परत रनवेच्या टोकाला गेली, आणि मी घड्याळ सुरू केलं.