पत्ता चुकलेला उजेड

तारे बघणाऱ्यांच्या एका लहानशा त्रैमासिकाला मार्गशीर्षातल्या एका आठवड्यात दिव्यांच्या कंपनीचं पत्र आलं. आला होता ई-मेलच. पण अंकाच्या पत्त्यावर येणाऱ्या प्रत्येक मजकुराला आमच्यात पत्रच म्हणतात, आणि ते सगळ्यांसमोर वाचून दाखवायची पद्धत आहे. पत्र परचेस मॅनेजरसाहेबांच्या नावे होतं. सोळा मीटर उंचीचे हायमास्ट खांब, त्यांवर चारशे वॉटचे एलईडी झोत, पांढराशुभ्र उजेड, परिसरातला एक कोपराही अंधारात राहणार नाही अशी हमी, रात्रीचा दिवस करून देण्याचं आश्वासन आणि महिनाअखेरपर्यंत घाऊक मागणीवर खास सूट. शेवटी आमच्या अंकाचं तोंडभर कौतुकही होतं.

हे पत्र वाचलं गेलं अमावास्येजवळच्या शनिवारी, वांगणीच्या पुढच्या एका माळाला लागून असलेल्या खाचरात. भात कापून झालेलं, सतरंजीखालून खुंट पाठीला टोचतायत, दव हळूहळू कपड्यांत उतरतंय, ओडोमॉसचा, ओल्या मातीचा आणि थर्मासमधल्या आल्याच्या चहाचा असा एक मिळून वास आहे जो जगात दुसरीकडे कुठे येत नाही, आणि डोळे काळोखाला सरावायला जी वीस-तीस मिनिटं लागतात ती मिनिटं सगळे कानटोप्या सारख्या करत, खोकत, हलक्या आवाजात बोलत घालवतायत, कारण एवढ्या वेळात कुणी चुकून जरी पांढरी बॅटरी लावली तर डोळ्यांनी कमावलेलं सगळं एका क्षणात जातं आणि पुन्हा पहिल्यापासून वाट बघावी लागते. वाचणाऱ्याच्या फोनवर लाल जिलेटिनचा कागद रबरबँडनं बसवला होता. त्या तांबूस, मंद चौकोनातून ‘एक कोपराही अंधारात राहणार नाही’ हे वाक्य बाहेर आलं.

क्षणभर कुणीच बोललं नाही. मग हसू फुटलं.

“किती खांब सांगू या?” “दोन पुरेत. एक व्याधावर मारायला, एक अगस्तीवर.” “गॅरंटी विचारा. सूर्य अजून पाचशे कोटी वर्षं चालणारे, त्याहून जास्त देत असतील तरच घेऊ.” “पण आपला परचेस मॅनेजर कोण?” यावर सगळ्यांच्या तोंडून एकदम काकूंचं नाव आलं, कारण अंकासाठी स्टेपलच्या पिना आणि शनिवारसाठी चहा-साखर त्याच आणतात. काकू गंभीरपणे म्हणाल्या, “आधी नमुना पाठवा म्हणावं. अवसेला लावून बघू, कृष्णविवर उजळलं तर डझनभर घेऊ.” हे ऐकून शेवटच्या सतरंजीवरचा कॉलेजातला मुलगा इतका हसला की त्याला ठसका लागला.

काळोखात माणसं चेहऱ्यावरून ओळखता येत नाहीत. ती हसण्यावरून ओळखावी लागतात. कुणाचं हसू नाकातून, कुणाचं पोटातून, कुणाचं उशिरानं आणि एकट्यानं. या माणसांना मी उन्हात फारसं पाहिलेलंच नाही. स्टेशनवर दिवसा समोर आली तर कदाचित ओळखूही नाही, पण त्या रात्री डोळे मिटून मला सांगता आलं असतं की बँकेतून निवृत्त झालेले काका कुठे आहेत, शाळेत गणित शिकवणाऱ्या ताई कुठे आहेत आणि भाऊ, ज्यांचं हसू येत नव्हतं, तेही कुठे आहेत. इतक्या जवळची ओळख मला उजेडात कुणाशी झालेली नाही.

हा विनोद घरी येऊन सांगितला तर रंगत नाही. सांगून पाहिला आहे. ऐकणारा सौजन्यानं हसतो आणि विचारतो, “पण तारे बघून मिळतं काय?” त्याहून नेहमीचा प्रश्न म्हणजे, “मग पत्रिका बघता का हो?” खगोल आणि भविष्य यांची गल्लत सहन करत आमच्यातल्या प्रत्येकाची निम्मी हयात गेली आहे. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ साली सुरू झाली, म्हणजे हौसेनं आकाश बघणाऱ्यांची मराठी मुलखातली परंपरा स्वातंत्र्याहून जुनी. १९८६च्या हॅलेच्या धूमकेतूनं मुंबई-ठाण्याकडच्या कितीतरी जणांना गच्चीवर नेलं, दिसला तो जेमतेम एक धूसर पुंजका, पण त्या पुंजक्यासाठी वर पाहिलेली मान पुन्हा खाली आली नाही. तो धूमकेतू आता २०६१ साली यायचा. आमच्यातल्या बऱ्याच जणांना तो दिसणार नाही. तरी त्याची जागा नकाशावर कुठे असेल हे काकांच्या वहीत लिहिलेलं आहे.

अंकही असाच. गणिताच्या ताई दुर्बिणीशी बसून शनीचं चित्र पेन्सिलीनं काढतात. कड्याची सावली पडते तिथे त्या शिसं अंगठ्यानं पुसतात, आणि छापलेल्या पानावरही तो अंगठ्याचा करडा डाग ओळखू येतो. निरीक्षणांच्या नोंदी असतात: तारीख, वेळ, हवेची स्थिती. काही ठिकाणी एवढंच: “ढग. काही दिसलं नाही.” ही नोंदही छापतात. मला तर तीच सगळ्यात जास्त आवडते. कुणीतरी कडाक्याच्या थंडीत रात्रभर जागलं, काही मिळालं नाही, आणि ते न मिळणं त्यानं प्रामाणिकपणे लिहून पाठवलं. अंक छापून आले की काकूंच्या जेवणाच्या टेबलावर पत्त्यांच्या चिठ्ठ्या हातानं लिहिल्या जातात. प्रत्येक नावाशी काकूंचा हात थोडा थांबतो. यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का, यांची दुर्बीण दुरुस्त झाली का, हे गेले, तरी अंक घरी जाऊ दे, सूनबाई वाचते.

आणि अशा अंकाच्या दारात ते पत्र येऊन उभं राहिलं होतं. कुणी लिहिलेलं नव्हतं ते. कुठल्याशा यादीत आमचा पत्ता होता आणि यादीतल्या सगळ्यांकडे ते एकदमच निघालं, कारण पाठवायला काही पडत नाही आणि हजारांत एखादा ग्राहक मिळाला तरी भागतं. ही युक्ती आजची नाही. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेत एका संगणक कंपनीच्या विक्री विभागानं तेव्हाच्या आर्पानेट जाळ्यावर सुमारे चारशे जणांना, न विचारता, जाहिरातीचा एकच मजकूर धाडला. अशा पत्रांची वंशावळ तिथवर नेतात. तेव्हाही लोक चिडले होते. तेव्हाही थोडा माल खपला होता.

त्या रात्री आडवा पडून मी वायव्येला पाहत होतो. तिकडे बदलापूर, अंबरनाथ, कल्याण. क्षितिजावर एक फिकट, दुधाळ पट्टा पसरलेला, कधी कुणाला वाटावं चंद्र उगवतोय, पण अमावास्येच्या रात्री, तेही वायव्येला, चंद्र कसा उगवेल? तो त्या शहरांचा उजेड. रस्त्यासाठी लावलेला, मैदानासाठी लावलेला, फलकासाठी लावलेला, आणि रस्ता, मैदान, फलक सोडून वर निघून गेलेला. हवेतल्या धुळीवर, बाष्पावर आपटून चहूकडे विखुरलेला. ज्याला तो हवा होता त्याच्यापर्यंत थोडाच पोचलेला आणि ज्यानं कधी मागितला नाही अशा आमच्यासारख्यांच्या माथ्यावर येऊन ठेपलेला. मग लक्षात आलं, ते पत्र आणि हा पट्टा यांची जात एकच आहे. दोघांनाही आपण कुणाकडे निघालो आहोत ते माहीत नाही.

नव्या पांढऱ्या एलईडी दिव्यांत निळसर अंश जास्त असतो, आणि दिवसाचं आकाश ज्या कारणानं निळं दिसतं त्याच कारणानं हा निळसर उजेड हवेत अधिक विखुरतो. २०२३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. त्याचा पाया होता आमच्यासारख्याच हौशी लोकांनी नुसत्या डोळ्यांनी केलेली मोजणी: २०११ ते २०२२ या काळातली ५० हजारांहून जास्त निरीक्षणं, बरीचशी युरोप-अमेरिकेतली. त्यांतून निघालं ते असं, की आकाशाचा उजळपणा वर्षाला सरासरी १० टक्क्यांच्या आसपास वाढतो आहे. जिथे मूल जन्मलं तेव्हा २५० तारे दिसत होते, तिथे ते अठरा वर्षांचं होईपर्यंत जेमतेम १०० उरतील. आम्हीही मोजतो. मृगाचा चौकोन डोळ्यांपुढे धरायचा आणि त्याच्या आत किती ठिपके दिसतात ते सांगायचं. काकांची जुनी वही काढली की आकडा दर हिवाळ्यात थोडा थोडा खाली आलेला दिसतो. त्या उतरत्या आकड्यांकडे बघताना जे वाटतं ते दुःखच आहे, त्याला दुसरं नाव देण्यात अर्थ नाही.

भारनियमनाची वर्षं आठवतात. संध्याकाळी दिवे गेले की सगळी आळी चडफडत अंगणात यायची, परीक्षेचा अभ्यास अडायचा, डास फोडून काढायचे, आणि त्या शिव्याशापांच्या वर, कौलांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आकाशगंगा पडलेली असायची. धुरकट, अखंड, मधेच फाटून दोन धारा झालेली, इतकी उघड की कुणी तिच्याकडे बघतही नसे. आजी तेवढी बाजेवर पडल्या पडल्या कृत्तिका मोजायची. सहा दिसल्या की म्हणायची, नजर शाबूत आहे.

पण अंधाराचं हे प्रेम कुणाच्या जिवावर नको. ज्या बाईला रात्री शेवटच्या लोकलनं उतरून एकटीनं घर गाठायचं आहे तिला रस्त्यावर दिवा पाहिजेच. शेतीपंपाची वीज रात्रपाळीला असेल तेव्हा पाणी द्यायला निघालेल्या शेतकऱ्याच्या पायाखाली साप असतो, जुन्नरकडे उसात बिबट्या असतो. त्याला काळोखाचं सौंदर्य सांगायला जाणं हा निर्दयपणा होईल. आपल्या माणसांनी तर दिव्यांचा सगळ्यात मोठा सण आश्विनातल्या अमावास्येला नेमून ठेवला आहे. उंबऱ्यावरच्या पणतीचा उजेड उंबरा दाखवतो, रांगोळी दाखवतो, येणाऱ्याचे पाय दाखवतो, आणि वरचं आभाळ जसंच्या तसं ठेवतो.

त्या रात्री भाऊ हसले नव्हते ते यासाठीच. भाऊ कारखान्यात टर्नर होते. सहा इंची काचेच्या दोन चकत्या, मधे कार्बोरंडमची ओली पूड, आणि पिंपाभोवती गोल फिरत घासणं, महिनोन्‌महिने. एवढ्या खटाटोपानंतर काचेत जो खळगा पडतो तो जेमतेम मिलिमीटरभर खोल असतो, पण त्याचा आकार प्रकाशाच्या तरंगलांबीच्या अंशाइतका बिनचूक उतरावा लागतो. असा आरसा भाऊंनी स्वतः घासला आहे. हसू ओसरल्यावर ते एवढंच म्हणाले, “त्यांना विचारा, दिव्याला वरून टोपी येते का?”

मग कुणी बोललं नाही. भाऊंनी आपली दुर्बीण देवयानीतल्या दीर्घिकेवर लावली आणि एकेकाला बोलावलं. मी डोळा लावला. काचेत एक लांबट, मऊ, राखाडी उजळपणा. नजर थेट रोखली की विरायचा, जरा बाजूला वळवली की परत यायचा. पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला उजेड. तोही कुणाच्या नावे निघालेला नाही, त्यालाही पत्ता ठाऊक नव्हता, वाटेत त्याला घ्यायला कुणी असेल अशी खात्री नव्हती. तरी तो एका खाचरात, एका टर्नरनं घासलेल्या काचेवर पडला आणि माझ्या डोळ्यात संपला. पाठवणाऱ्याला आपण माहीत नसू, पण घेणाऱ्यानं इतकी तयारी केली असेल, इतकी थंडी सोसली असेल, तर तो उजेड त्याचाच होतो. माझ्या पाठीमागे रांगेत उभी असलेली माणसं पाय आपटत, हातावर फुंकर घालत थांबली होती. मला बाजूला व्हावंसं वाटेना.

सोमवारी काकूंनी कंपनीला खरोखरच उत्तर पाठवलं. थट्टेचं एक अक्षर त्यात नव्हतं. परचेस मॅनेजर म्हणून सही करून त्यांनी तीनच गोष्टी विचारल्या: उजेड खांबाच्या वर जाणार नाही अशी टोपी मिळते का, रंग पिवळसर मिळेल का, आणि मध्यरात्रीनंतर दिवा आपोआप मंद होईल अशी सोय आहे का. हे जमत नाही असं कुणी म्हणू नये. जानेवारी २०२४मध्ये आपल्या विदर्भातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, आणि तिथे सिल्लारी, वाघोडा अशा आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे त्यासाठी बदलून खाली तोंड करून बसवले गेले. गावं अंधारात गेली नाहीत.

तुमच्या फाटकाशी, गच्चीवर, सोसायटीच्या आवारात असा झोत असेल, तर त्याचं तोंड खाली वळवून घ्या आणि वरून पत्र्याची टोपी बसवा. कोपऱ्यावरचा वेल्डर करून देतो.