शिकवण्याची वेगळी चूल

प्रिय मित्रा,



समितीसाठी लिहिलेलं तुझं टिपण मिळालं. मांडणी नेटकी आहे, पण निष्कर्ष मला पटला नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात संशोधनावर भर देणारी विद्यापीठं, अध्यापनावर भर देणारी विद्यापीठं आणि पदवी देणारी स्वायत्त महाविद्यालयं असे प्रकार सांगितले आहेत. त्याचा आधार घेऊन तू म्हणतोस, की मोजक्या संस्थांनी संशोधन करावं आणि बाकीच्यांनी निमूटपणे चांगलं शिकवावं. या प्रकारांमधल्या भिंती पक्क्या नसाव्यात, असंही तेच धोरण म्हणतं. ते वाक्य मात्र तुझ्या टिपणातून गळलंय. माझं म्हणणं असं, की संशोधनापासून तोडलेलं अध्यापन फार काळ चांगलं राहत नाही, आणि विद्यार्थी नसलेलं संशोधनही हळूहळू आटतं.

तू सुचवतोस ती वाटणी आपल्याकडे नवी नाही. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. विद्यापीठानं परीक्षा घ्यायच्या, पदव्या द्यायच्या आणि शिकवायचं काम महाविद्यालयांनी करायचं. विद्यापीठाचे स्वतःचे अध्यापन विभाग उभे राहायला विसावं शतक उजाडावं लागलं. पुढे संशोधनानं वेगळी चूल मांडली. टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ ची, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० ची. या संस्थांचं काम मोठं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण अणुसंशोधन विद्यापीठांबाहेर नेण्याला भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा यांचा विरोध होता, तो उगाच नव्हता. उत्तम माणसं आणि उत्तम उपकरणं एकीकडे गेली, पदवीच्या वर्गातली मुलं दुसरीकडे राहिली. उच्च शिक्षणाच्या आजच्या ज्या दुरवस्थेचं वर्णन तू करतोस, तिचं एक मूळ या जुन्या वाटणीत आहे. त्यावर आणखी वाटणी हा उपाय कसा होईल?

आता उलट बाजूचा पुरावा बघ. पुण्याचं डेक्कन कॉलेज सरकारनं १९३४ मध्ये बंद केलं. १९३९ मध्ये ते पुन्हा उघडलं तेव्हा पदव्युत्तर अध्यापन आणि संशोधन या दोन्ही गोष्टी नावातच एकत्र आल्या होत्या. पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलिया आणि मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे दोघंही त्याच वर्षी तिथे रुजू झाले. त्यांच्या कामात वर्ग कुठे संपतो आणि संशोधन कुठे सुरू होतं, हे सांगता येऊ नये अशी स्थिती होती. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावचं उत्खनन १९६८ मध्ये सुरू झालं आणि एक तपाहून अधिक काळ चाललं. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी ते चालवलं, आणि विद्यार्थी तिथेच तयार झाले. खड्ड्याच्या भिंतीतला थर ओळखणं, खापरं वेगळी करणं, जळके दाणे आणि जनावरांची हाडं जपून उचलणं हे फळ्यावर शिकवता येत नाही. त्या दाण्यांतून आणि हाडांतून साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं एक शेतकरी गाव उभं राहिलं. जव पिकवणारी, मेलेल्या लहान मुलांना मातीच्या कुंभांत घालून घराच्या जमिनीखाली पुरणारी ही माणसं. सुरुवातीची ऐसपैस चौकोनी घरं पुढे लहान गोल झोपड्यांवर आली आणि इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास वस्ती उठली. पाऊसमान घटलं हे त्याचं एक कारण असावं, असं उत्खननकर्त्यांनी मांडलं. १९७२ चा दुष्काळ याच उत्खननाच्या वर्षांतला आहे. पाऊस हटला की गाव कसं मोडतं, हे त्या विद्यार्थ्यांना कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

इरावतीबाईंचं काम तर थेट वर्तमानात शिरलं. कोयना धरणानं उठवलेल्या माणसांचं त्यांनी आणि जाई निंबकर यांनी केलेलं सर्वेक्षण १९६९ मध्ये प्रसिद्ध झालं. आप्तसंबंधांचा अभ्यास करणाऱ्या बाईंनी धरणग्रस्तांकडे वळावं यात मला काही विसंगत दिसत नाही. नातीगोती कशी बांधलेली असतात हे ज्याला कळतं, त्यालाच गाव उठल्यावर नेमकं काय तुटतं ते विचारता येतं. विद्यापीठाचा समाजाशी संबंध म्हणतात तो हा. आपण मात्र त्याची सोय वृक्षारोपणाच्या छायाचित्रांत लावून टाकली आहे.

इथे तू मला अडवशील, आणि एका बाबतीत अडवायलाही हवंस. उत्खननांवर गावकरी बहुधा मजूर म्हणूनच येतात, आणि इनामगावचा जाडजूड अहवाल १९८८ मध्ये निघाला तोही इंग्रजीत. गावाला काय मिळालं, या प्रश्नाचं उत्तर तोकडं आहे. ढवळीकरांनी पुढे ‘महाराष्ट्राची कुळकथा’ मराठीत लिहिली म्हणून निदान काही फेड झाली. पण ही उणीव संशोधन आणि अध्यापन एकत्र असल्यामुळे आली नाही. समाजाला आपण त्या वर्तुळाबाहेर ठेवलं म्हणून आली.

तुझा खरा आक्षेप वेगळा आहे. डेक्कन कॉलेज मूठभरांचं. खचाखच भरलेल्या वर्गाला शिकवणाऱ्या तालुक्याच्या प्राध्यापकाकडून संशोधन मागितलं की काय होतं, ते आपण पाहिलं आहे, असं तू म्हणतोस. खरं आहे. बढतीसाठी गुण आणि गुणांसाठी शोधनिबंध, असं गणित बसल्यावर पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचं पीक आलं. २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाला आपल्याच यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढावी लागली. पण या आकड्यानं सिद्ध काय होतं? निबंध मोजून संशोधन वाढत नाही, एवढंच. प्राध्यापकाला प्रश्न पडू नयेत, हे त्यातून निघत नाही. तालुक्याच्या महाविद्यालयाला इनामगाव खणायचं नाही. आपल्या नदीचं पाणी, आपल्या बाजार समितीतले भाव, गावातून पुण्याला गेलेल्या मुलांचं पुढे काय झालं, हे दुसऱ्या वर्षाच्या मुलांना घेऊन तपासता येतं. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांनी पुण्याच्या गोखले संस्थेत पुणे शहराची आणि वाई तालुक्यातल्या शेतीची पाहणी केली, ती अशाच साध्या प्रश्नांवर उभी होती. जिथे उपकरणं लागतात तिथेही वाट आहे. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी १९८८ मध्ये ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभारली ती पुणे विद्यापीठाच्या आवारात, आणि देशभरातल्या विद्यापीठांच्या अध्यापकांना तिचं दार उघडं ठेवलं.

चांगला संशोधक वर्गात कंटाळवाणा असू शकतो, हेही मान्य. तसा कंटाळवाणा माणूस संशोधन न करणाऱ्यांतही सापडतो, तेव्हा तो मुद्दा सोडून देऊ.

टिपण समितीपुढे जाण्याआधी त्यात एवढा बदल कर. विभागणीची शिफारस काढ आणि त्याजागी तीन मागण्या घाल. निबंधांची संख्या बढतीतून वगळावी. अध्यापकाला आठवड्याचा एक दिवस विद्यार्थ्यांसह क्षेत्रकामासाठी मोकळा मिळावा. आणि त्या कामाचा अहवाल मराठीत, त्या गावाच्या ग्रामसभेपुढे वाचला जावा. समितीनं त्या फेटाळल्या तर कारणं लेखी माग.



तुझा मित्र