पडद्यावरील मेघ

आषाढ अर्धा सरला, तरी बिरसीस आमच्या मेहुण्यांच्या बांध्यांत रोवणी लागली नव्हती. पऱ्हे पिवळे पडत चालले होते. अशा वेळी भाच्याने आम्हांस संगणकापुढे बसवून ढग दाखवावे, हे विलक्षणच!

आमची समजूत अशी की, छायाचित्रे चिकटविली असतील. तसे नव्हते. केन पर्लिन यांनी १९८५ साली व स्टीव्हन वर्ली यांनी १९९६ साली केवळ आकड्यांतून ओबडधोबड पोत विणण्याच्या ज्या रीती प्रसिद्ध केल्या, त्या मिसळून हा कापूस पिंजतात. मग डोळ्यापासून निघालेला किरण ढगातून पावलापावलाने चालवावयाचा आणि प्रत्येक पावलास विचारावयाचे, येथे दाटी किती? सूर्याचा उजेड येथवर किती पोचला? सेकंदास ६० चित्रे, म्हणजे एका चित्रास जेमतेम १६ मिलिसेकंद. त्यांतून ढगांच्या वाट्यास एखाददुसराच! म्हणून ॲमस्टरडॅमच्या गुरिल्ला गेम्समधील मंडळींनी २०१५ साली युक्ती सांगितली : १६ बिंदूंपैकी एकच नव्याने मोजावयाचा, उरलेले १५ मागील चित्रांतून उचलावयाचे. तो मेघ बहुतांशी आठवणच म्हणावयाचा. (उतारवयाच्या आम्हांस हा हिशेब चटकन पटला.)

मेहुणे मागे उभे होते. ढगाचा काळवंडलेला तळ आणि उन्हाने उजळलेली कड त्यांनी बराच वेळ पाहिली.

"बाबू, ढग तं खरा दिसते. पण पडते का?"

भाचा ओशाळला. पडद्यावर पाऊसही पाडता येतो, हे त्याने सांगितले नाही. ते आम्हांस आवडले.

आम्ही तिघे अंगणात आलो. बालाघाटाकडे एक मेघ चालला होता. मेहुणे त्याचा तळ निरखीत राहिले.