एका फुटाला एक सूत

पडवीत साडेसहा फुटांची लाकडी आगबोट उलटी पडलेली दिसली की आलेला माणूस हमखास विचारतो, "टायटॅनिक का?" पहिले काही महिने मी नीट समजावून सांगायचो. आता "तिची धाकटी बहीण" असं म्हणून चहा टाकायला सांगतो.

तर मंडळी, ही टायटॅनिक नाही. हिचं नाव 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया'. पी अँड ओ कंपनीसाठी ग्लासगोत बांधलेली, १९२९ साली पहिल्या सफरीला निघालेली, लांबी ६१२ फूट, रुंदी ७६ फूट. आत पोहण्याचा तलाव वगैरे थाट. ४ ऑक्टोबर १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर पहिल्या गोलमेज परिषदेसाठी मुंबईहून निघाले ते याच बोटीने. पुढे महायुद्धात तिला सैन्य वाहायला जुंपलं आणि ११ नोव्हेंबर १९४२ ला अल्जीरियातल्या ओरानजवळ जर्मन पाणबुडीने बुडवलं. चार माणसं गेली, बाकीची वाचली. चौघांवर सिनेमा निघत नाही, म्हणून पडवीत टायटॅनिकचंच नाव निघतं :)

जुन्नरसारख्या ठिकाणी, जिथे समुद्र पाहायचा तर आधी घाट उतरावा लागतो, तिथे आगबोट कशाला, हा प्रश्न मात्र रास्त आहे. तसं पाहिलं तर समुद्राशी आमचं नातं दोन हजार वर्षांचं. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरातला माल नाणेघाट चढून इथेच यायचा. इथल्या लेण्यांत यवनांनी दिलेल्या दानाचे शिलालेख आहेत, आणि सातवाहनांच्या काही नाण्यांवर तर चक्क दोन डोलकाठ्यांचं जहाज आहे. पण हे झालं व्याख्यानात सांगायचं कारण. माझं खरं कारण माझे आजोबा.

आमच्या भागातला माणूस मुंबईला जायचा तो गिरणीत, गोदीत, नाहीतर डबे पोचवायला. आजोबा गोदीत हमाल होते. विलायतेच्या बोटी बॅलार्ड पिअरला लागायच्या, साहेबांचे पेटारे चढवायचे आणि उतरवायचे. बोटींबद्दल ते जे काही सांगायचे ते सगळं खालून पाहिलेलं. दोरखंड मांडीएवढा जाड असतो. बोट रिकामी झाली की वर येते आणि तिचा लाल रंग दिसायला लागतो. कुठल्या पेटाऱ्यात पुस्तकं आहेत ते उचलताच कळतं, कारण पुस्तकांइतकं वाईट वजन दुसरं नाही. वरचा डेक कसा असतो, हे मी लहानपणी विचारलं होतं. ते म्हणाले, "आम्हाला काय ठावं? आम्ही धक्क्यावरचे." बाबासाहेब गेले त्या दिवशी आजोबा धक्क्यावर होते, अशी गोष्ट रचता येईल. मी ती रचणार नाही. मला फक्त ती बोट कमरेएवढ्या उंचीवर, वरून बघायची होती. मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर वेळच वेळ होता.

प्रमाण किती घ्यायचं यावर मी आठवडाभर आकडेमोड करत होतो. आमच्या सुतारमामांनी ते एका वाक्यात मिटवलं: "गुरुजी, फुटाला सूत धरा." सुतारी मापात इंचाचे आठ सूत. म्हणजे मूळ बोटीचा एक फूट तो आपला एक सूत, शहाण्णवावा हिस्सा. ६१२ सूत म्हणजे सहा फूट साडेचार इंच. रुंदी साडेनऊ इंच. त्या दिवसापासून आराखड्यावरचा प्रत्येक आकडा मामांना तोंडपाठ वाचता यायला लागला.

कणा आणि फासळ्या मरीन प्लायच्या, वरून शिवणीच्या पट्ट्या. शिवण हलकी, आणि एकदा बसली की सहसा वाकडी होत नाही. पट्ट्या बंबातल्या गरम पाण्यात भिजवायच्या, फासळ्यांवर हळूहळू वाकवायच्या, दोऱ्याने आवळून रात्रभर ठेवायच्या. दिवसाला दोन्ही बाजूंना मिळून चार. घाई केली की पट्टी काडकन मोडते. वरून रेझिन, मग घासकाम, मग परत घासकाम. पांढऱ्या भुकटीने माखून मी घरात शिरलो की बायको म्हणायची, "आली गिरणीची पाळी सुटून!"

एका गोष्टीचं मला फार अप्रूप आहे. आगबोटीची प्रतिकृती म्हणजे वरून वाफेचा आव आणि आत बॅटरीवरची मोटर, थोडक्यात लबाडी. पण व्हाइसरॉयची मूळ रचनाच अशी होती की वाफेवर जनित्रं फिरायची आणि त्या विजेवर मोटरी तिचे दोन पंखे फिरवायच्या. तेव्हा तिच्यात दोन मोटरी बसवताना मला निदान निम्मं तरी प्रामाणिक वाटलं.

वजनाचं गणित मात्र विलक्षण असतं. लांबी शहाण्णवावा हिस्सा, पण वजन शहाण्णवच्या घनाने घटतं, म्हणजे जवळजवळ नऊ लाखांश! तरीही पाण्यात योग्य रेषेपर्यंत बसायला पंचवीस-तीस किलो लागतात. अशा उंच बोटींचा स्वभावच डोकंजड. म्हणून वरचे मजले कागदासारख्या प्लायचे केले आणि यूपीएसच्या बॅटऱ्या, शिशाचे तुकडे अगदी तळाशी. पहिली चाचणी एका मित्राच्या शेततळ्यात झाली. काठावर टोमॅटो तोडणाऱ्या बायका कामधाम सोडून बघत होत्या.

खरं पाणी मात्र डिंभ्याचंच, हे मनात पक्कं होतं. जुन्नर तालुक्यात माणिकडोह, येडगाव, वडज असताना घोडेगाव ओलांडून आंबेगावात कशाला, असं मित्र म्हणाले. डिंभे धरणाच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे. ते याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे, मुंबईत गिरणी कामगार. व्हाइसरॉय बाबासाहेबांना घेऊन गेली त्यानंतर दहा आठवड्यांनी, १२ डिसेंबर १९३० ला, विदेशी कापडाच्या ट्रकसमोर ते आडवे झाले. वय बावीस. आणि त्याच पाण्याखाली जुनं आंबेगाव आहे. तालुक्याला नाव देणारं गाव धरणात गेलं, नाव तेवढं कागदावर राहिलं.

टोमॅटोच्या क्रेटांवर गोधड्या टाकून बोट पिकअपमधून नेली. पावसाळा नुकताच सरला होता, जलाशय काठोकाठ. मासे धरणारी दोन पोरं होडी घेऊन मदतीला थांबली. काळं अंग, वर फिकट पिवळसर मजले, दोन काळी धुरांडी. डोंगरांच्या पुढ्यात ती एकदम खरी वाटायला लागली.

काठावर एक म्हातारे बाबा येऊन बसले होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हातातल्या रिमोटकडे बघत म्हणाले, "डाव्या अंगाला वळती का?"

वळवली.

"आजून. त्या वाळक्या झाडाच्या रेषेत आणा. आता सरळ. हां, ही आमची आळी."

मी वेग कमी केला. ते हाताने दाखवत गेले, देऊळ, शाळेची पडवी, कुणाकुणाचं घर. बोट दीडशे फुटांवर होती आणि त्यांची नजर तिच्या खाली. बॅटरीचा दिवा पिवळा झाला होता, तरी मी गप्प राहिलो.

"आता थोडं पुढं घ्या," ते म्हणाले. मग एकदम हात वर करून, "थांबा थांबा गुरुजी, तिथं हीर हाय."

मी दोन्ही मोटरी बंद केल्या.